पावसाळ्यानंतर जेट स्की सुरू होत नाही? स्टार्टचं बटण सगळ्यात शेवटी

मे महिन्याच्या अखेरीस जलक्रीडा बंद होतात. किनाऱ्यावरच्या मशिनी मांगरात, नाहीतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातात आणि तीन-साडेतीन महिने तिथेच पडून राहतात. नारळी पौर्णिमा होते, गणपती जातात, दर्या निवतो. मग एका सकाळी ताडपत्री ओढली जाते आणि पहिलाच हात जातो तो स्टार्टच्या बटणाकडे. मशीन गप्प. पुन्हा दाबतात, आणखी जोरात दाबतात, शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी आणून जोडतात. या कामात नव्याने आलेल्या मुलांना आणि जुनी मशीन पहिल्यांदाच घेतलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बटण सगळ्यात शेवटी.

त्याचं कारण मशीनच्या रचनेत आहे. मोटारसायकलला क्लच असतो, न्यूट्रल असतो. जेट स्कीत तसं काही नसतं. इंजिनचा क्रँक, त्याला कपलिंगने जोडलेला लांब शाफ्ट आणि शाफ्टच्या टोकाला पंपातला इम्पेलर (पाणी मागे फेकणारा पंखा), हे सगळं एकत्रच फिरतं. रिव्हर्स टाकलं तरी इंजिन उलटं फिरत नाही. मागची वाटीसारखी झडप खाली येते आणि पाण्याचा झोत पुढे वळवते, इतकंच. त्यामुळे मागे पंपात अडकलेला जाळ्याचा तुकडासुद्धा पुढे इंजिन जाम करू शकतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर त्याहून वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला निघतो, पाणी जागचं हलत नाही, आणि मधल्या मधे कनेक्टिंग रॉड वाकतो. एका सेल्फमध्ये अख्खा हंगाम हातचा जातो.

छोट्या जेट बोटीचंही तंत्र हेच, फक्त जागा मोठी आणि बऱ्याचदा इंजिनं दोन. दोन असतील तर पुढची प्रत्येक पायरी दोन्ही इंजिनांवर वेगवेगळी करायची. एक सुरू झालं म्हणजे दुसरं ठीक असणारच, असं गृहीत धरू नका.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: चांगला टॉर्च, मल्टिमीटर, स्पार्क प्लगचा सॉकेट पाना, तारेचा ब्रश, काचेची स्वच्छ बरणी, जुनं सुती कापड आणि भरलेला अग्निशामक. मशीनसोबत आलेली पुस्तिकाही काढून ठेवा. प्लगची गॅप, फ्यूजचे अँपिअर, ऑइलची पातळी हे आकडे मशीनगणिक बदलतात. ते तिथूनच घ्यायचे, कोणाच्या तोंडून नाही.

1. सीट उघडा आणि थांबा

सीट काढली की लगेच कशालाही हात लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला साचते. तीन महिने बंद असलेल्या हलमध्ये, म्हणजे मशीनच्या पोकळ अंगात, ती असेलच असं धरून चाला. जेट बोटीला ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा असतो, तो निदान पाच मिनिटं चालवायचा, पण पेट्रोलचा वास येत नसेल तरच. वास येत असेल तर कुठलाच स्विच न दाबता झाकणं उघडी टाका, वारा जाऊ द्या आणि गळती कुठे आहे ते आधी शोधा. जेट स्कीची सीट पंधरा-वीस मिनिटं उघडी ठेवा. विडी-सिगारेट आसपाससुद्धा नको.

मग टॉर्च मारा. टॉर्च मारल्याशिवाय आत हात घालायचा नाही, कारण पावसाळ्यात कोरडी, अंधारी जागा सगळ्यांनाच हवी असते. उंदराने वायरिंग कुरतडलंय का, हवेच्या डब्यात चिंध्या आणि गवत भरलंय का, तळाशी पाणी साचलंय का ते बघा. मागचे दोन ड्रेन प्लग काढून पाणी जाऊ द्या. साचलेल्या पाण्याची रेघ हलच्या भिंतीवर उमटलेली दिसते. ती रेघ स्टार्टरच्या वर असेल तर स्टार्टर पाण्यात होता. तो खोलून बघितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

चार-स्ट्रोक मशीन असेल तर याच वेळी ऑइलची काडी काढून बघा. काळं ऑइल चालेल. दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. मशीन तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा.

2. मागे जाऊन पंप बघा

आधी किल स्विचची, म्हणजे चालक पडला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची, दोरी काढा आणि बॅटरीची मायनस वायर सोडवा. पंपात हात घालायच्या आधी हे दोन्ही झालंच पाहिजे, मशीन बंद असली तरीही.

जेट पंप न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात नावारूपाला आणला, तो कँटरबरीतल्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी. बोटीखाली पंखा लोंबकळत नाही, त्यामुळे ती वीतभर पाण्यातूनही जाते. पण पंप तळातून पाणी ओढतो आणि पाण्याबरोबर जे असेल ते सगळं ओढतो: वाळू, शिंपले, प्लॅस्टिकची पिशवी, नायलॉनची दोरी. मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीत ओढलेला कचरा तीन महिन्यांत शाफ्टभोवती घट्ट बसतो.

खालची जाळी आणि मागचं नोझल, दोन्हीकडून टॉर्च मारून बघा. दोरी असेल तर कापून काढा, ओढून तोडू नका. मग जाड हातमोजा घालून इम्पेलर हलवायचा प्रयत्न करा. पात्यांच्या कडा हात कापतील इतक्या धारदार असतात. सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेमुळे तो सहज फिरणार नाही, पण थोडा हलला तरी इंजिन जाम नाही हे कळतं. अजिबात हलला नाही तर लांब पाना लावून जोर करू नका. प्लग खोलल्यावर पुन्हा बघू.

3. स्पार्क प्लग खोला

नव्या माणसाला ही पायरी टाळावीशी वाटते आणि सगळं मोठं नुकसान इथेच वाचतं.

प्लग खोलण्याआधी त्याभोवतीची खाच फुंकून, पुसून साफ करा. तिथे वाळू बसलेली असते. प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनबरोबर वरखाली होत सिलिंडरला चरे पाडते. दोन मिनिटांची सफाई आहे, पण ती मी कधीच सोडत नाही.

प्लग ज्या सिलिंडरचा आहे त्याच क्रमाने कापडावर मांडा आणि टोकं बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळा आणि ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल जास्त झालंय. पाण्याचे थेंब किंवा गंजाचा तांबूस डाग दिसला तर पाणी आत पोचलंय, आणि आता तुम्हाला कळलं असेल की बटण का दाबायचं नव्हतं. टोक झिजलं असेल तर साफ करत बसू नका, नवे प्लग घाला. पूर्ण हंगामाच्या कमाईपुढे प्लगची किंमत काहीच नाही.

प्लग काढलेले असताना इम्पेलर पुन्हा फिरवून बघा. आता तो बऱ्यापैकी मोकळा फिरायला हवा. तरीही घट्ट असेल तर प्लगच्या भोकांतून थोडं पातळ ऑइल सोडा, दिवस-दोन दिवस मुरू द्या आणि मग परत बघा. त्यानंतरही हलत नसेल तर पंप उतरवून दोष पंपात की इंजिनात हे वेगळं करावं लागतं, आणि ते काम अनुभवी हातांचं आहे.

4. करंट कुठे अडलाय

न सुरू होणाऱ्या मशिनींत मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडलाय. म्हणून थोडं सावकाश.

सुरुवात किल स्विचपासून. दोरीची क्लिप नीट बसली नसेल तर मशीन काहीच करत नाही. क्लिपखाली मीठ साचलेलं असतं, ते गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सी-डू या ब्रँडच्या मशिनींत या दोरीच्या टोपीतच चावीची चिप असते. बॅटरी जोडलेली असेल तर ओळख पटली की दोन छोटे बीप येतात, ते आले नाहीत तर टोपी आणि तिची जागा पुसून परत लावा. यामाहाच्या काही वेव्हरनर जेट स्कींना रिमोटचं लॉक असतं. लॉक लागलेलं आणि रिमोटचा सेल संपलेला, एवढ्याशा कारणावरून इंजिन खोलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

मग बॅटरी. मायनस वायर सुटलेली आहेच, तशीच ठेवून मल्टिमीटर लावा. बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12.0 म्हणजे तळ गाठलेली. पावसाळाभर मशीनला जोडूनच ठेवलेली बॅटरी 12 च्या खाली आढळते. ती बाहेर काढून, हवेशीर जागी, तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या करंटवर चार्ज करा. 18 ते 20 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 2 अँपिअर पुरे. ट्रकच्या चार्जरवर तासाभरात फुगवलेली बॅटरी फार दिवस साथ देत नाही. भरून झाल्यावर रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी परत मोजा. सकाळी आकडा पुन्हा पडलेला असेल तर ती संपली, बदला.

बॅटरी जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी, काढताना उलट. घाईत गाडीची बॅटरी लावून सुरू करायची वेळ आलीच तर गाडीचं इंजिन बंद ठेवूनच करा. गाडी चालू ठेवून जोडल्यास जेट स्कीच्या कंट्रोल युनिटवर गदा येऊ शकते.

टर्मिनलवर आणि इंजिनला बोल्टने लावलेल्या अर्थच्या वायरीवर हिरवट-पांढरा चुरा दिसेल. खाऱ्या हवेची करणी. बाहेरून बोल्ट घट्ट लागतो, पण आत चुऱ्याचा थर असतो आणि करंट त्यातच अडतो. बोल्ट पूर्ण काढा, दोन्ही पृष्ठभाग ब्रशने चकाकेपर्यंत घासा, परत घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. फ्यूजही एकेक करून काढा. तार शाबूत असली तरी पाय गंजलेले असू शकतात. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालायचा, मोठा किंवा तारेचा तुकडा कदापि नाही.

आता बॅटरी आणि किल स्विचची दोरी परत जोडून पहिला सेल्फ मारायचा, पण प्लग बाहेर ठेवूनच. इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून बाजूला करा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. प्लगच्या भोकांवर कापड टाका, तोंड बाजूला करा. इंधन इंजेक्शनच्या बऱ्याच मशिनींत थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारला की पेट्रोल सुटत नाही. तुमच्या मशीनची रीत पुस्तिकेत बघून घ्या. बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, आणि दोन दाबांमध्ये निदान पंधरा सेकंद थांबायचं. आत पाणी असेल तर ते फवाऱ्यासारखं बाहेर येईल. येऊ द्या. कापड कोरडं राहीपर्यंत थांबून थांबून मारा.

कान इथे कामाला येतात. काहीच आवाज नाही, डिस्प्लेही मेलेला, तर किल स्विच, मुख्य फ्यूज किंवा बॅटरी. डिस्प्ले लागतो आणि भराभर टकटकटक होतं, तर बॅटरी कमजोर. एकच ठळक ‘टक्’ आणि पुढे शांतता, तर रिले (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच), स्टार्टर, अर्थची वायर किंवा जाम इंजिन. स्टार्टर नुसताच घर्र करून मोकळा फिरतो, तर त्याची पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चक्री, गंजून बसलीय आणि दात धरत नाही. सेल्फ मारताना मल्टिमीटर बॅटरीवरच ठेवा. आकडा 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरीवर संशय घ्या.

5. पेट्रोल

इंजिन नीट फिरतंय, तरी पेट घेत नाही, तर पेट्रोलकडे वळा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक जेट स्की कंपन्यांच्या पुस्तिकांत मर्यादा 10 टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत ओढायला वाफ भरपूर असते. पाणी एका प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल वर, थर खाली. इंधनाचा पंप तर तळातूनच ओढतो.

बरणी यासाठीच. हातपंपाने किंवा नळीने टाकीच्या तळातून बरणीभर पेट्रोल काढा. तोंडाने ओढू नका. बरणी उजेडात अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला, पेट्रोल गढूळ असलं, किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर सगळी टाकी रिकामी करा. अर्धं जुनं अर्धं नवं हा मेळ घालू नका. काढलेलं पेट्रोल वाळूत, खाडीत किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

ताजं पेट्रोल घातल्यावर चालू करताना कान द्या. इंजेक्शनच्या मशीनमध्ये इंधनाचा पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज आणि कनेक्टर बघा. कार्बोरेटरच्या जुन्या दोन-स्ट्रोक मशीनला पेट्रोलचा कॉक असतो, तो ठेवताना बंद केलेला असतो आणि उघडायचा राहून जातो. फिल्टरची वाटी खोलून पाणी-कचरा काढा. 1990 च्या दशकातली सी-डू असेल तर करड्या रंगाच्या इंधन नळ्या बघा. त्या आतून विरघळून हिरवट चिकट राळ बनते आणि कार्बोरेटरच्या बारीक जाळ्या बंद करते. कितीही साफ करा, नळ्या बदलल्याशिवाय सुटका नाही.

6. पाण्याची नळी आणि खरा सेल्फ

प्लग घट्ट बसवा, कॉइल जोडा. सुरू करण्याआधी थंड पाणी बाहेर फेकणारं बारीक भोक तारेने मोकळं करा. एका वर्षी आमच्या मशीनचं इंजिन दोन मिनिटांत तापून अलार्म वाजायला लागला. नळी काढली तर कुंभारमाशीने आत चिखलाचं घर बांधलेलं, बोटभर लांब, दगडासारखं घट्ट, आणि पाणी थेंबभरही बाहेर पडत नव्हतं.

बागेच्या नळीने पाणी देताना क्रम ठरलेला आहे: आधी इंजिन सुरू, मग पाणी चालू. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमध्ये भरतं, मागे चढतं आणि सिलिंडरमध्ये उतरतं. हा क्रम मी सुरुवातीच्या वर्षांत एकदा चुकवला. पाणी आधी सोडलं, इंजिन पटकन घेईना म्हणून सेल्फ मारत राहिलो. एक बोथट ‘ठक्’ ऐकू आला, आणि त्यानंतर ते इंजिन पूर्ण उघडावं लागलं. तो आवाज अजून विसरलेलो नाही.

पाण्याशिवाय इंजिन पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. पहिल्या मिनिटाला निळसर-पांढरा धूर निघाला तर घाबरू नका. ठेवताना सिलिंडरमध्ये ऑइल फवारलं असेल तर ते जळतंय. धूर थोड्या वेळानंतरही दाट असेल, अलार्म वाजत असेल किंवा खडखड येत असेल तर पाणी बंद करून इंजिनही बंद करा. चार-पाच प्रयत्नांत सुरूच झालं नाही तर प्लग परत काढून बघा. ओले झाले असतील तर कोरडे करा, थोडं थांबा.

7. पाण्यात नेताना

पहिल्याच फेरीला पर्यटक बसवू नका. ड्रेन प्लग परत लावलेत का ते हाताने फिरवून बघा. हे विसरल्याने धक्क्यालाच बसलेल्या मशिनी दर हंगामात दिसतात. कमरेएवढ्या पाण्यात ढकलून न्या आणि तिथेच सुरू करा. उथळ पाण्यात सुरू केली तर पंप वाळू ओढतो आणि इम्पेलरभोवतीची रिंग खरवडतो.

दहा मिनिटं किनाऱ्याला समांतर, हळू चालवा. सोबत दुसरी बोट आणि दोरी ठेवा. मध्येच बंद पडली आणि ओढून आणायची वेळ आली तर माणसाच्या चालीपेक्षा फार वेग घेऊ नका, आणि इंजिनकडे जाणारी थंड पाण्याची नळी क्लिपने चिमटून ठेवा. नाहीतर पुढून रेटलेलं पाणी पंपाच्या वाटेने इंजिनात शिरेल. परत आल्यावर सीट उघडून तळाला पाणी आलंय का ते बघा. आलं असेल तर चाखून बघा: खारट असेल तर समुद्राचं, शाफ्टचं सील किंवा एखादी नळी गळतेय. गोडं असेल तर सकाळी धुताना आत गेलेलं.